स्वमग्न भावंड घरी असताना शिक्षणासाठी बाहेरगावी जाणाऱ्यांसाठी

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो, प्रवेशाच्या फेऱ्या जून-जुलैत चालतात आणि विदर्भातल्या शेतकरी घरांत नेमका हाच काळ पेरणीचा असतो. मोठी माणसे दिवसभर वावरात, पावसाचा भरवसा नाही, बियाण्या-खताच्या उधारीची चिंता डोक्यावर, आणि अशातच अमरावती, अकोला किंवा नागपूरच्या एखाद्या महाविद्यालयात नंबर लागल्याचे मोबाईलवर कळते. मग मोजक्या दिवसांत कागदपत्रे घेऊन हजर व्हावे लागते. ज्या घरात स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, भाऊ किंवा बहीण आहे त्या घराला ही घाई फार जड जाते, कारण स्वमग्न व्यक्तीला बदलाचा त्रास होतोच, पण आधी कल्पना न दिलेल्या बदलाचा कितीतरी अधिक होतो. म्हणून पुढे सांगितलेली तयारी निकालासाठी न थांबता परीक्षा संपताच सुरू करावी. कुठे जायचे हे तेव्हा ठरलेले नसते, पण जायचे आहे एवढे ठरलेले असते, आणि सुरुवात करायला तेवढे पुरते.

माझा धाकटा भाऊ स्वमग्न आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातून मी शिकायला बाहेर पडले तेव्हा असे काही लिहिलेले हाती नव्हते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

पहिली पायरी: जे फक्त तुम्हालाच ठाऊक आहे ते वहीत उतरवा

स्वमग्न मुलाचे सगळे आईच पाहते असे मानले जाते आणि ते बरेचसे खरेही असते. पण सोबत वाढलेले भावंड दिवसभरात जी लहानसहान कामे करते ती कुणाच्याच हिशेबात नसतात, बहुधा त्याच्या स्वतःच्याही नाही. एक वही घ्या आणि आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी भावंडासाठी काय काय केले ते लिहा. शर्टाच्या कॉलरमागचे टोचणारे लेबल कापावे लागते, वरण भातावर ओतलेले चालत नाही तर वाटीत वेगळे लागते, नखे झोपेतच कापता येतात, पिठाची चक्की सुरू असताना त्या गल्लीतून नेऊ नये, अशा नोंदी निघत जातील. या गोष्टी तुम्ही कधी मुद्दाम शिकला नाहीत, त्यामुळे त्या दुसऱ्याला सांगाव्या लागतील हेही लक्षात येत नाही.

या वहीतली सर्वांत महत्त्वाची पाने बोलण्याची. अनेक स्वमग्न मुले पूर्वी ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी, पण स्वतःच्या अर्थाने वापरतात. उन्हाळ्यात एका रात्री वीज गेली, कूलर बंद पडला आणि आमच्या घरातले सगळे ‘लाईन गेली, लाईन गेली’ म्हणत अंगणात आले. तेव्हापासून माझ्या भावाला काहीही सोसेनासे झाले की तो ‘लाईन गेली’ म्हणतो, मग डोके दुखत असो किंवा लग्नाच्या मांडवात डीजे सुरू झालेला असो. भर दुपारी, पंखा गरगर फिरत असताना तो असे म्हणाला की आमच्या मोठ्या आईला हसू येई, कारण ते वाक्य कुठून आले हे तिला ठाऊक नव्हते. अशा वाक्यांसाठी, खुणांसाठी आणि आवाजांसाठी वहीत तीन रकाने आखा: तो काय म्हणतो किंवा करतो, त्याचा अर्थ काय, आणि त्या वेळी आपण काय करायचे. तुमचे भावंड अजिबात बोलत नसेल तर हे काम अधिकच निकडीचे आहे, कारण तेव्हा हात ओढून नेणे, कान दाबणे, एकाच कोपऱ्यात जाऊन बसणे हीच त्याची भाषा असते.

हट्ट आणि अतिताणाचा उद्रेक यांतला फरकही लिहून ठेवा. हट्ट करणारे मूल समोरचा आपल्याकडे पाहतो की नाही हे मधूनमधून बघते आणि हवे ते मिळाले की थांबते; आवाज, उजेड, गर्दी किंवा मोडलेला क्रम असह्य होऊन जो उद्रेक होतो त्यात मुलाला कशाचेच भान नसते आणि हवी ती वस्तू दिली तरी तो लगेच ओसरत नाही. त्या वेळी धाक दाखवणे, समजावत राहणे किंवा मारणे यांनी तो वाढतोच. आवाज बंद करणे, माणसे बाजूला करणे, कमीत कमी बोलणे आणि त्याला वेळ देणे एवढेच उपयोगी पडते. घरात आजीला वाचता येत नसेल तर या सगळ्याचे लहान-लहान व्हिडिओ घरी राहणाऱ्या मोबाईलवर करून ठेवा. आजीलाच सर्वांत जास्त वेळ त्याच्यासोबत राहायचे असते.

दुसरी पायरी: कामे वाटून द्या आणि घरात असतानाच हात काढून घ्या

वही पूर्ण झाली की प्रत्येक कामापुढे एक नाव लिहा. सगळ्या कामांपुढे ‘आई’ असे लिहिणे म्हणजे वाटणी नव्हे. सोयाबीनच्या सोंगणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत आई दिवस दिवस वावरात असते, आणि रब्बीच्या हंगामात रात्रीच्या विजेवर ओलित करायला बाबा घराबाहेर असतात, हे धरूनच वाटणी करा. शाळेत पोहोचवणे चुलतभावाकडे, अंघोळ बाबांकडे, संध्याकाळचा तासभर शेजारच्या काकूंकडे, अशी कामे सुटी करता येतात. पुरुष मंडळी सुरुवातीला नाखूश असतात. तरीही भाऊ वयात येत असेल तर त्याची अंघोळ, दाढी आणि कपडे यांत घरातल्या एखाद्या पुरुषाला आणल्याशिवाय गत्यंतर नसते. बहीण असेल तर पाळीच्या दिवसांतली तिची स्वच्छता कोण आणि कशी पाहणार, हे संकोच बाजूला ठेवून आईशी बोला.

त्यानंतर एप्रिल-मेमध्ये तुम्ही घरातच असताना ती कामे त्या त्या माणसाला करू द्या. पहिले काही दिवस शेजारी उभे राहा, मग दारात, मग दुसऱ्या खोलीत. भावंड तुमच्याकडे धावत येईल, आणि समोरचा माणूस हमखास म्हणेल की ‘तूच कर, तुझंच ऐकते तो.’ इथे उठून जायचे नाही. तुम्ही गेल्यानंतर हे काम करणारा माणूस एकटा असेल. तुम्ही असताना त्याची एखादी चूक झाली तर ती लगेच सांगता येते.

तिसरी पायरी: भावंडाला सांगा, आणि दाखवून सांगा

त्याला काय समजते असे म्हणून अनेक घरांत हे सांगणेच टाळले जाते. बोलता न येणे आणि न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केवळ तोंडी सांगितलेले हवेत विरते, म्हणून चित्र, फोटो आणि ठरावीक वाक्ये यांचा आधार घ्या. चार-पाच पानांची एक लहान पुस्तिका स्वतः तयार करा. प्रत्येक पानावर एक फोटो आणि एक वाक्य. तुमचा फोटो, बॅगेचा फोटो, एसटीचा फोटो, शेवटी घरच्यांचा. मजकूर असा ठेवता येईल: ताई शिकायला जाणार आहे. ताई बसने जाईल. ताई होस्टेलमध्ये झोपेल. घरी आई, बाबा आणि आजी असतील. ताईचा रोज जेवणाआधी फोन येईल. ताई सुट्टीत घरी येईल. घरात वऱ्हाडी बोलली जात असेल तर हीच वाक्ये वऱ्हाडीत लिहा. ‘ताई येईन’ असेच आयुष्यभर ऐकलेल्या मुलाला पुस्तकी मराठी परकी वाटते. गाव आणि महाविद्यालय ठरले की त्याचे पान नंतर जोडा. जे ठरलेले नाही ते पानावर आणू नका, कारण एकदा दाखवलेले चित्र बदलले की तुमच्या पुढच्या चित्रांवरचा त्याचा विश्वास कमी होतो.

दुसरे साधन म्हणजे भिंतीवरचे कॅलेंडर. जाण्याचा दिवस नक्की झाला की त्यावर बसचे चित्र चिकटवा आणि रोज ठरलेल्या वेळी त्याच्याच हाताने गेलेल्या दिवसावर फुली मारून घ्या. किती आधी सांगावे हे मुलावर अवलंबून आहे: काहींना पंधरा दिवस आधी कळले तर ती बरी तयार होतात, काही तेवढे दिवस झोपत नाहीत आणि त्यांना तीन-चार दिवस पुरतात. दवाखान्यात किंवा लग्नाला जायचे असते तेव्हा तो कसा वागतो, यावरून तुम्हाला अंदाज येईल.

मे महिन्यात एक-दोनदा रंगीत तालीम करा. बॅग भरून, बस दाखवून, मामाच्या गावी एक रात्र मुक्काम करा आणि सांगितलेल्या दिवशी, सांगितलेल्या बसनेच परत या. जाणे आणि येणे हे एकाच गोष्टीचे दोन भाग आहेत, हे त्याला अनुभवातूनच पटते.

शेजारपाजारचे लोक सल्ला देतील की तो झोपेत असताना निघून जा, म्हणजे रडारड होणार नाही. हा सल्ला मानू नका. झोपेतून उठल्यावर माणूस नाहीसे झालेले असते हे एकदा अनुभवले की तो तुमच्या झोपण्याच्या जागेवर पहारा देऊ लागतो आणि घरातल्या दुसऱ्या कुणालाही बाहेर जाऊ देत नाही. ‘उद्या येते’ हे तर कधीच म्हणू नये. आपण सहज बोलून जातो, तो ते शब्दशः धरतो. आमच्या गावाच्या फाट्यावर संध्याकाळची बस थांबते आणि माझा भाऊ तिच्या इंजिनाचा आवाज घरातून ओळखतो. ज्याला ‘संध्याकाळच्या गाडीने येते’ असे सांगितले आहे असा मुलगा रोज फाट्यावर जाऊन उभा राहणार, आणि त्याला तिथून परत आणायला आईला रोज जावे लागणार, हे डोळ्यांपुढे ठेवून शब्द वापरा. दिवाळीचेही वचन जपून द्या, कारण पहिल्या सत्राची परीक्षा अनेकदा दिवाळीच्या मागेपुढे येते.

चौथी पायरी: कागदपत्रे पूर्ण करा आणि ती घरच्यांच्या हाती द्या

खेड्यातल्या बहुतेक घरांत अर्ज भरणारा, संकेतस्थळ उघडणारा आणि ओटीपी सांगणारा माणूस म्हणजे बारावी झालेले पोर असते. ते बाहेर पडले की कामे अडतात. म्हणून निघण्याआधी एक गोष्ट न चुकता करा: भावंडाच्या आधारला आणि दिव्यांग ओळखपत्राच्या नोंदीला तुमचा मोबाईल क्रमांक जोडलेला असेल तर तो बदलून घरी राहणाऱ्या फोनचा करा. एवढे एकच काम राहून गेले तर पुढचे वर्षभर तासिका चालू असताना बाबांना ओटीपी सांगावे लागतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे, आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्याशिवाय बहुतेक योजनांचे दार उघडत नाही. प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजे ज्याला सगळे यूडीआयडी कार्ड म्हणतात ते, यांसाठी ऑनलाइन अर्ज करून जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात तपासणीला जावे लागते. प्रमाणपत्र तात्पुरते असेल तर त्यावरची मुदत वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अजून निदानच झाले नसेल, ‘थोडा वेगळा आहे’ एवढ्यावरच घर थांबले असेल, तर अंगणवाडी आणि शाळांत तपासणीसाठी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला गाठा. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना ते जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकते. शाळेच्या बाबतीत समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांची चौकशी पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात करावी.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या निरामय योजनेत स्वमग्न व्यक्तीला वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण मिळते आणि त्यासाठी आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. त्यात पैसे आधी खर्च करून नंतर परत मागायचे असतात, त्यामुळे प्रत्येक बिलाची मूळ प्रत लागते, आणि दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. ही दोन्ही कामे घरातून निसटतात. बिले एकाच पिशवीत टाकण्याची सवय आईला लावा आणि नूतनीकरणाचा महिना स्वतःच्या फोनमध्ये नोंदवा. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज तहसील कार्यालयाशी संबंधित आहे. उत्पन्नाच्या अटीत घर बसत असेल तर तो सेतू केंद्रातून भरता येतो.

पाचवी पायरी: गावाला सांगून ठेवा

नेहमीचे माणूस दिसेनासे झाले की काही स्वमग्न मुले त्याला शोधायला घराबाहेर पडतात. पुष्कळ मुलांना पाण्याची ओढ असते आणि आपल्याकडच्या वावरातल्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो; पावसाळ्यात नाल्यालाही अचानक पूर येतो. तुम्ही जाण्याआधी घराच्या फाटकाला मुलाच्या हाताला येणार नाही अशी कडी बसवून घ्या. त्याचा अलीकडचा फोटो, तो हाकेला ओ देत नाही ही माहिती आणि बाबांचा क्रमांक पोलीस पाटील, आशाताई, फाट्यावरचा चहावाला आणि वावराच्या वाटेवरची दोन घरे यांच्याकडे देऊन ठेवा. शर्टाच्या आतल्या बाजूला फोन क्रमांक शिवून घेता येतो. गळ्यातले ओळखपत्र बरीच मुले ओढून काढतात. मूल सापडत नसेल तर आधी विहिरी आणि पाणवठे पाहावेत आणि त्याच वेळी दुसऱ्याने ११२ वर फोन करावा. पोळा, गणपती आणि लग्नसराई हे गर्दीचे, ढोल-डीजेचे दिवस. त्या दिवशी त्याला कुठे न्यायचे हे वहीत आधीच लिहिलेले असावे.

सहावी पायरी: महाविद्यालय निवडताना

आधी अभ्यासक्रम ठरवा, मग अंतर पाहा. घराजवळ आहे एवढ्याच कारणाने नको असलेला अभ्यासक्रम घेणाऱ्यांची धुसफूस पुढे भावंडावरच निघते. भावंड स्वमग्न आहे म्हणून विशेष शिक्षण किंवा मानसशास्त्रच घ्यावे, असेही नाही. मनापासून आवडत असेल तरच घ्यावे. दोन महाविद्यालये सारखीच वाटत असतील तर जिथून थेट बस गावाच्या फाट्यापर्यंत येते ते निवडा. खर्चासाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या संकेतस्थळावरची डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, तसेच शासकीय वसतिगृहे यांच्या अटी वेळेत पाहून ठेवा. एसटीत महिलांना मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. मुलींना घरी येण्याजाण्याच्या हिशेबात त्याचा चांगलाच हातभार लागतो.

सातवी पायरी: पहिले काही महिने

तुम्ही गेल्यावर भावंडाची झोप बिघडेल, जेवण कमी होईल, सुटलेली एखादी जुनी सवय परत येईल. हे होणार आहे असे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर कुणीतरी ‘बाहेरचं झालं’ म्हणेल आणि त्याला भगताकडे नेण्याची भाषा सुरू होईल. स्वमग्नता ही मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे. ती नजर लागून होत नाही, आईच्या दुर्लक्षाने होत नाही आणि ती घालवणारे औषधही नाही. मात्र त्रास आठवड्यांमागून आठवडे वाढतच असेल, किंवा तो स्वतःला मारून घेत असेल, तर सगळे तुमच्या जाण्यावर ढकलू नये. दात किंवा कान दुखणे, बद्धकोष्ठता, फिट येणे या गोष्टी त्याला सांगता येत नाहीत, म्हणून डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

फोनची वेळ एकच ठेवा आणि ती पाळा. गावात रेंज फक्त छतावर येत असेल तर वेळ त्याप्रमाणे ठरवा. काही मुलांना व्हिडिओवर चेहरा दिसतो आणि माणूस मात्र समोर नसते, याचा त्रास होतो. ती फोन फेकून देतात. त्यांच्यासाठी तुमच्या आवाजात एक छोटा संदेश किंवा त्या दिवशीच्या ताटाचा फोटो पुरतो. तो फोनवर बोलला नाही, तुमचे नावही काढले नाही, तर त्याला तुमची आठवण नाही असा अर्थ काढू नका.

आईचे फोन वेगळे. ‘आज त्याने काच फोडली’ हे ऐकून लगेच बस धरावीशी वाटते. आई कशासाठी फोन करते हे तिलाच विचारा. पुष्कळदा तिला मार्ग नको असतो, बोलायला माणूस हवे असते. कुठल्या प्रसंगी तुम्ही यायचेच, जसे अपघात, दवाखान्यात भरती, मूल हरवणे, हे आधी ठरवून घेतले की बाकीचे फोन शांतपणे ऐकता येतात. वसतिगृहातली पहिली रात्र निवांत झोपेत गेली, कुणाच्या आवाजाने जाग आली नाही, याचे अनेकांना फार अपराधी वाटते. त्यात वाईट काहीही नाही. मन फारच खाऊ लागले, अभ्यासात लक्ष लागेना, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते.

पहिल्यांदा घरी याल तेव्हा तो धावत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. तो पाठ फिरवेल, तुमची बॅग दाराबाहेर नेऊन ठेवेल किंवा काहीच घडले नाही असे वागेल. जवळ ओढू नका. नेहमीच्या जागी बसा आणि त्याला त्याच्या वेळेने येऊ द्या. तुम्ही नसताना आजीने किंवा चुलतभावाने काही नव्या पद्धती बसवल्या असतील, भात आता वेगळ्या ताटात लागत असेल. जुन्या पद्धती परत आणू नका. परत जाण्याची तारीख तुम्ही घरी आल्याच्या दिवशीच कॅलेंडरवर लावून टाका.

आठवी पायरी: भावंड १८ वर्षांचे होताना

पदवीच्या काळात केव्हातरी हा प्रश्न येतोच. स्वमग्न व्यक्ती १८ वर्षांची झाली की कायद्याच्या नजरेत सज्ञान होते आणि आईवडिलांचे पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ नुसार जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालक नेमण्यासाठी अर्ज करता येतो. समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि आईवडील किंवा नातेवाईक अर्ज करू शकतात. प्रत्येकालाच पालकाची गरज असते असे नाही. स्वतःचे व्यवहार समजून करू शकणाऱ्या भावंडाला मदत पुरते, आणि त्याच्या वतीने ठरवण्याआधी त्याला काय हवे हे त्याला कळेल अशा रीतीने विचारलेच पाहिजे.

याच सुमारास शेतीच्या वाटणीचा विषय निघाला तर लक्ष ठेवा. वारस नोंदीच्या वेळी ‘त्याला काय करायचं आहे सातबारा’ म्हणून स्वमग्न मुलाचे नाव गाळले जाण्याचा धोका असतो, पण मालमत्तेवर त्याचा हक्क इतर भावंडांइतकाच आहे आणि २०१६ चा अधिनियमही तेच सांगतो. फेरफार झाल्यावर उतारा काढून त्याचे नाव लागले की नाही हे स्वतः पाहा. पुढे पालक म्हणून तुमचे नाव लावायचे का, हेही आईबाबा धडधाकट असतानाच त्यांच्याशी बोलून ठरवा. तुम्ही भावंड आहात म्हणून ते गृहीत धरले जाऊ नये, आणि तुम्ही हो म्हणणार असाल तर कुठे राहून, किती खर्चात आणि लग्नानंतर कोणाच्या संमतीने हे निभावता येईल, ते त्याच बोलण्यात स्पष्ट व्हावे.